बोटाचं वजन

बोटाला स्वतःचंही वजन असतं, हे मी धरलंच नाही. चूक एवढीच. बाकी सगळं मी अगदी बिनचूक मोजलं होतं.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बेळगावात कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर मांडून जन्म काढला. निपाणी-खानापूरकडचे लोक येऊन मराठीत रडायचे आणि आप्पा ते कानडीत टाइप करून द्यायचे. अर्ज कानडीतच लागायचा. हात असा जड की घरातला कॉम्प्युटरचा कीबोर्ड त्यांनी सहा महिन्यांत खिळखिळा केला. म्हणून मी त्यांना मेकॅनिकल कीबोर्ड आणला. त्यात प्रत्येक अक्षराखाली एक सुटी डबी, डबीत बारीकशी स्प्रिंग. आवाजही टाइपरायटरच्या जवळपासचा. आप्पा खूश.

मग त्यांना नसांचा आजार झाला. आधी जीभ गेली. हात मागाहून जाणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तोवर आप्पांचं बोलणं म्हणजे तो कीबोर्ड. शब्द मराठी, अक्षरं कानडी. बोटांना जन्मभराची सवय. 'चहात साखर न्हाय' हे स्क्रीनवर कानडीत उमटायचं आणि माझी बायको, निपाणीची, ते माझ्याआधी वाचून उठायची.

हळूहळू अक्षरं गळायला लागली. मी ठरवलं, स्प्रिंगा जड आहेत. हलक्या मागवल्या. पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवेल तो मी कसला. बायकोचा केकचं सामान तोलायचा छोटा काटा उचलला, डबी काट्यावर ठेवायची, वरून पेनाच्या टोकानं दाबायची, ती तळाला टेकली की आकडा बघायचा. हलकी या वाटीत, जड त्या वाटीत. एकदा दोन्ही वाट्या माझ्याच कोपरानं एकत्र झाल्या आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.

"सोनं तोलल्यागत काय करतासा?" बायको म्हणाली.

"आप्पांना हलकं पायजे."

"आप्पांनी मागितलंय?"

त्यांनी मागायचं कसं? कीबोर्ड तर मीच उघडून ठेवला होता.

मधूनमधून मी आप्पांचं बोट काट्यावर ठेवून "दाबा" म्हणायचो. दर वेळी आकडा आधीपेक्षा खाली. "काटा बिघडलाय, आप्पा," मी सांगायचो. खोटी शपथ घेणाऱ्या पक्षकाराकडं ते जसं बघायचे, तसं माझ्याकडं बघायचे.

शेवटी सगळ्यात हलक्या स्प्रिंगा बसवल्या, कीबोर्ड जोडला, त्यांचा हात उचलून वर ठेवला. स्क्रीनवर 'ल' उमटला. मग आणखी एक. मग ओळभर 'ल'च. मला वाटलं, काहीतरी सांगतायत. मी खुळ्यागत विचारलंही, "लसूण? लवकर?" आप्पा नुसते बघत होते. ते काही टाइप करतच नव्हते. बोट पडलं होतं आणि त्यांना ते उचलता येत नव्हतं.

हार मानणं आमच्या रक्तात नाही, अक्कलही बेताचीच. जरा जड स्प्रिंगा घातल्या. काहीच उमटेना. बोट नुसतं टेकलं तर उमटू नये आणि दाबलं तर उमटावं, अशी मधली एखादी स्प्रिंग असणारच, असं धरून मी ती शोधत बसलो. जेवायचं टेबल डब्यांनी भरलं. आम्ही खाली बसून जेवायला लागलो. आप्पा खाटेवरून बघायचे.

एका दुपारी मी त्यांचं बोट काट्यावर नुसतं ठेवलं आणि आकडा बघितला. मग म्हटलं, "आता दाबा."

आकडा तोच.

"दाबा की, आप्पा."

तोच. मान वर करून बघितलं, तर त्यांच्या गळ्याची शीर ताठ झालेली, कपाळावर घाम. ते दाबतच होते. मघापासून.

मी त्यांचा हात काट्यावरून उचलून मांडीवर घेतला. एवढासा आकडा दाखवणारा तो हात, माझ्या मांडीवर लई जड लागला.

बायकोनं काटा आत नेऊन ठेवला आणि खाटेशेजारी बसली. "आप्पा, मी अक्षरं म्हणत्ये. पायजे ते आलं की डोळं मिटा." अ, आ, इ, ई. मराठी घ्या, कानडी घ्या, क्रम तोच. ती परत परत पहिल्यापासून म्हणत राहिली आणि मध्येच ते डोळे मिटत राहिले. एवढ्या दिवसांनी आप्पा बोलत होते. मी दाराशी उभा. घराबद्दल काही असेल, आईच्या आठवणीचं काही असेल, निदान मला काहीतरी शेवटचं सांगायचं असेल, असं मनात घेऊन.

उन्हं कलली तेव्हा बायको थांबली. आप्पांनी डोळे उघडले ते थेट माझ्यावर.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

तिनं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"म्हणत्यात, बोट माझं गेलंय आणि ह्यो गाढव स्प्रिंगा मोजतोय."