दोडकेकाकांची पौर्णिमा

दोडकेकाका प्रवासाला निघताना फोडणी बाटलीत भरून नेत. तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, सगळं घरीच तडतडवून, गार करून, लहानशा काचेच्या बाटलीत. मोटेलच्या खोलीत फोडणी केली की धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खं मोटेल पार्किंगमध्ये येऊन उभं राहतं, हे त्यांनी एकदा अनुभवलं होतं. तेव्हापासून ते छोट्या राइस कुकरमध्ये दोडका नुसता मीठ आणि दाण्याचा कूट घालून शिजवत आणि वरून चमचाभर बाटलीतली फोडणी घालत. भाजी झकास लागायची.

काका अमेरिकेत बेलव्ह्यूला माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहत. मूळचे पुण्याचे, रिटायर्ड, काकू गेल्यापासून एकटे. माझी नोकरी गेली तेव्हा त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही, वाटीभर भाजी आणून दिली. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळून नागपूर. एक्केचाळिसाव्या दिवशी सॅन होजेहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. मी विमानाचं तिकीट बघत होतो.

"कॅन्सल कर," काका म्हणाले. "मी ड्राइव्ह करतो. एकटा गेलास तर चिप्स खाऊन इंटरव्ह्यू देशील. पोटात गरम भात असला की माणूस शहाण्यासारखं बोलतो."

त्यांची प्रवासातली दुसरी चैन म्हणजे स्वस्त व्हिएतनामी खानावळी. टोफू भरलेला लांबट पाव, त्यात गाजर-मुळ्याचं लोणचं, हिरवी मिरची. "अरे, कोथिंबीर मूठभर घालतात, म्हणजे आपलेच लोक!" अडचण एकच. काका पक्के शाकाहारी आणि तिथल्या सुपात माशाचा सॉस. पण त्यांनी शोध लावला होता, की व्हिएतनामी मंडळींपैकी बरेच जण पौर्णिमा-अमावास्येला मांस-मासे खात नाहीत आणि काही खानावळींत त्या दिवशी सूपही निव्वळ भाज्यांचं असतं. म्हणून काकांच्या गाडीत मराठी कॅलेंडर कायम असायचं.

इंटरव्ह्यू माझ्या मते साफ फसला. बाहेर आलो तर काका खुशीत. "आज पौर्णिमा, चल!" खानावळीच्या मालकीणबाईंनी भिंतीवरच्या आपल्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "टुमॉरो, अंकल." त्यांच्या आणि आपल्या तिथीत एका दिवसाचा फरक पडला होता.

"उद्यापर्यंत थांबू," काका म्हणाले.

माझा तोल गेला. "काका, इथे माझं करिअर बुडतंय यार, आणि तुम्हाला सूप सुचतंय?"

"उद्याही तू बेकारच असशील. निदान जेवलेला बेकार अस."

त्या संध्याकाळी मोटेलमध्ये मी मान खाली घालून दोनदा भाजी मागून घेतली. त्यांनी वाढली आणि वरून चमचाभर फोडणी जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी सूप आलं. मशरूम, कोबी, मुळा, तांदळाच्या शेवया, वर तुळशीसारखी पानं. दुसरा घास घेतला आणि फोन वाजला. कालच्याच कंपनीचा. त्यांचे मोठे साहेब अचानक ऑफिसात आले होते, आणखी दोन उमेदवारांशी पुढच्या आठवड्यात बोलणार होते. मी अजून गावात असेन तर आत्ताच येऊ शकतो का? मी तोंडातल्या शेवयांसकट हो म्हणालो. काकांनी आपला रुमाल ओला करून माझ्या शर्टावरचा डाग पुसला आणि मला दहा मिनिटांत दारात सोडलं. चार दिवसांनी नोकरीचं पत्र आलं, कागदपत्रंही मुदतीत गेली.

बेलव्ह्यू सोडायच्या दिवशी काका सकाळपासून माझी खोकी बांधत होते. शेवटचं खोकं गाडीत ठेवून म्हणाले, "माझ्या घराची दुसरी किल्ली तुझ्याकडे असते ना, ती देऊन जा. आता दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवायला हवी." किल्ली माझ्या खिशातच होती.

"सापडत नाहीये, काका," मी म्हणालो.

याला वर्ष होऊन गेलं. दर रविवारी ते फोनवर विचारतात, सापडली का? मी सांगतो, शोधतोय.

"नीट शोध," काका म्हणतात. "घाई नाही."