मठातली काठी

माझ्या मागच्या खोलीत एक आचार्य राहतात. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. लग्न झालं तेव्हा दोघंही माझ्याकडे आली, 'घर मिळेपर्यंत'. त्याला आता नऊ वर्षं झाली. घरं मिळत गेली, आचार्य ती नाकारत गेले.

खाली माझं शिवणकामाचं दुकान आहे, वर आम्ही राहतो. मी कापड बेततो. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची. कात्री चालली की चालली. कदाचित म्हणूनच आमच्या आचार्यांकडे पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हा माणूस उभ्या जन्मात साधा रुमालसुद्धा कापू शकणार नाही.

नोकरी म्हणाल तर नळांच्या दुकानात. गिऱ्हाईक येतं, बेसिनला एक नळ मागतं. आचार्य सहा नळ काढून ठेवतात. हा दिसायला उत्तम, पण पाणी उडवतो. हा पाणी उडवत नाही, पण ओल्या हातांनी डाग पडतात. हा दांडीचा, पण दांडी म्हाताऱ्या माणसांना बरी आणि लहान मुलांना वाईट. तुमच्याकडे म्हातारं माणूस आहे का? शेवटी गिऱ्हाईक 'विचार करून येतो' म्हणून निघून जातं आणि समोरच्या दुकानातला नळ घेऊन घरी जातं. मालक त्यांना काढून का टाकत नाही? मालक त्यांचा मावसभाऊ आहे.

पण हे सगळं पोटापाण्यासाठी. आचार्यांचं खरं कार्य वेगळंच. एक व्हिडिओ गेम आहे. त्यात मेलेली माणसं थडग्यांतून उठून गावंच्या गावं गिळत सुटलेली असतात. साध्या तलवारीने ती मरत नाहीत, कारण आधीच मेलेली. त्यांना पवित्र शस्त्रच लागतं. अशी पवित्र शस्त्रं त्या गेममध्ये ढिगाने आहेत, आणि त्यांतलं कुठलं श्रेष्ठ हे जगाला सांगण्याचं व्रत आमच्या जावईबापूंनी घेतलं आहे. ते व्हिडिओ करतात. त्यात त्यांचा फक्त आवाज असतो आणि पडद्यावर शस्त्रं फिरत असतात. हजारो लोक ते ऐकतात, त्यांना 'शस्त्राचार्य' म्हणतात, सल्ला विचारतात. हजारो! मी एवढी वर्षं लोकांच्या पँटी बसवतो, मला कोणी साधं 'मास्तर' म्हणायलाही घासाघीस करतं.

इतकी वर्षं भिंतीपलीकडून तो आवाज ऐकून मलाही आता सगळं पाठ झालंय. पहाटतलवार वेगवान, पण तिच्या प्रकाशाने दूरचे मुडदेही जागे होतात. घंटागदा एका फटक्यात चौघांना लोळवते, पण उचलायला इतका वेळ लागतो की तोवर पाचवा येऊन चावतो. संन्यासिनीचा भाला लांबून टोचता येतो, पण त्यासाठी 'श्रद्धा' इतकी वाढवावी लागते की ताकदीसाठी काही उरत नाही. हो, त्या गेममध्ये श्रद्धेचे गुण असतात, आणि ते वाटून द्यावे लागतात. आचार्य ते वाटतात, परत घेतात, पुन्हा वाटतात.

आणि ज्योतमणी. सगळ्या कथेचं मूळ तो मणी. संपूर्ण गेममध्ये तो एकदाच मिळतो, आणि कुठल्याही एका शस्त्रात बसवला की त्या शस्त्राचं तेज अनेक पटींनी वाढतं. मात्र एकदा बसवला की निघत नाही. आचार्यांना तो मणी मिळून वर्षं लोटली. मणी त्यांच्या थैलीत. गेमच्या शेवटी जो मेलेला राजा बसलेला असतो, त्याच्या दारापर्यंत ते कितीतरी वेळा जाऊन आले. दारात उभं राहायचं, तलवार काढायची, नको, भाला काढायचा, नको, आणि परत फिरायचं. ज्याला लोक शस्त्राचार्य म्हणतात त्याने शेवटच्या राजाला कधी हातही लावलेला नाही, हे त्या हजारोंना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी मूग गिळून बसलो, बहिणीच्या तोंडाकडे बघून.

माझी बहीण रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधते, शीर शोधते, सुई टोचते. घाबरलेल्या माणसाशी दोन शब्द बोलते, आणि तो हसेपर्यंत काम झालेलं असतं. अशी ही बाई या माणसात काय पाहून बसली, हे मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "दादा, तो मला कधी घाई करत नाही." घ्या! दगडही घाई करत नाही.

तिला घर हवं होतं. स्वतःचं नव्हे, भाड्याचंच, पण स्वतःच्या कुलपाचं. माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात विचारून डबा उघडावा लागणार नाही असं. तिने किती घरं पाहिली! एकाच्या स्वयंपाकघरातला नळ डावीकडे होता म्हणून आचार्यांनी नाकारलं. एकाचा जिना फार चढा. एक सगळ्या बाजूंनी उत्तम होतं, तर म्हणाले, इतकं उत्तम घर इतके दिवस रिकामं का, काहीतरी असणार. प्रत्येक वेळी चर्चेचं गुऱ्हाळ, प्रत्येक वेळी घोंगडं भिजत.

मग बेकरीच्या वरचं घर निघालं. दोन खोल्या, पहाटे पावाचा वास, प्रयोगशाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "आणखी एक कुटुंब मागतंय, पण मला तुम्ही आवडलात. संध्याकाळपर्यंत हो म्हणून सांगा."

बहिणीने त्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात, माझ्यादेखत त्यांना सांगितलं, "हे बघ, मला घर आवडलंय. तुलाही आवडलंय. आता हो तू म्हणायचंस. आजवर मीच सगळीकडे बोलले, म्हणून तू नुसता चुका काढत राहिलास. या वेळी तू जा, आणि एक शब्द बोलून ये. एकच."

"जातो की," आचार्य म्हणाले.

"परत येऊन विचार करायचा नाही."

"नाही गं."

गेले. जिना चढले, बाईंनी दिलेला चहा प्यायले, खिडकी उघडून पाहिली, लावून पाहिली. आणि सांगून आले की संध्याकाळी फोन करतो. संध्याकाळी मी दुकान आवरून वर आलो तर आचार्य आपल्या खोलीत माइकसमोर बसून जगाला सांगत होते की भाला आणि गदा यांत निवड करताना घाई करू नये. फोन बाजूला उताणा पडलेला. मी दार ठोठावलं. "जावईबापू, बेकरीवाल्या बाईंना कळवलंत?"

"दादा, त्या चौकातलं घर पुढच्या आठवड्यात रिकामं होतंय. ते बघितल्याशिवाय कसं सांगायचं? तुलना तर व्हायला हवी."

माझ्या हातात तेव्हा कात्री नव्हती हे त्यांचं नशीब.

बहीण कामावरून आली तेव्हा घर दुसऱ्या कुटुंबाला गेलं होतं. बाईंनी तिलाच फोन करून सांगितलं, आणि बिचाऱ्यांनी वर माफीही मागितली. मला वाटलं आता रडारड होणार, भांडण होणार. माझी तर तशी इच्छाच होती. पण ती सरळ पानावर बसली. जेवली, ताट घासलं, झोपली.

दुसऱ्या दिवशी आचार्य नळ दाखवायला गेल्यावर तिने रजा टाकली. दुपारी दुकानात येऊन माझ्या बेतायच्या टेबलापाशी उभी राहिली. "दादा, खोली घेतली. एकच खोली आहे. एजंटने पहिली दाखवली तीच घेतली."

"आणि हे?"

"त्याला मी काही सांगणार नाही. पत्ता तुला सांगते. त्याने विचारला तर दे. आपण होऊन देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे." मग म्हणाली, "एवढं तरी त्याने विचारावं ना?"

मी म्हटलं, सुटलीस. खरंच तसं वाटलं मला, आणि तसं बोललोही. तिला ते आवडलं नाही.

बॅगा भरून झाल्यावर ती मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेली मला दिसली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात ते रिमोटसारखं यंत्र होतं, ज्याने गेम खेळतात. चुकतमाकत, बटणं शोधत, ती त्यांच्या थैलीत शिरली. शस्त्रांच्या रांगेत सगळ्यात पहिली होती मठातली काठी. गेम सुरू होताच प्रत्येकाला फुकट मिळणारी, जिला कुणी पवित्र शस्त्रांत धरतही नाही. बहिणीने ज्योतमणी उचलला आणि त्या काठीत बसवला. 'एकदा बसवल्यावर काढता येणार नाही. नक्की का?' असं पडद्याने विचारलं. तिने एका झटक्यात 'हो' दाबलं. मग टीव्ही बंद करून, बॅगा उचलून ती गेली.

संध्याकाळी आचार्य आले, हातपाय धुतले, खोलीत गेले. आणि थोड्या वेळाने अशी किंकाळी आली की माझी बायको हातातलं टाकून धावली. आचार्य जमिनीवर बसले होते, चेहरा पांढराफटक.

"दादा, मणी गेला!"

कपाटाचं दार सताड उघडं होतं. तिची बाजू रिकामी, नुसते हँगर लोंबत होते. तिच्या चपला दारात नव्हत्या. आरशापुढचा कंगवा नव्हता. आणि ह्या गृहस्थाला मणी गेलेला दिसला! मी कपाटाकडे बोट दाखवलं तेव्हा कुठे त्यांनी तिकडे मान वळवली. बराच वेळ ते त्या हँगरांकडे बघत राहिले. मग तिला फोन लावला. मी कान टवकारून उभा.

"तू मणी काठीत बसवलास का?"

तिकडून ती 'हो' म्हणाली असावी, कारण फोन लगेच बंद झाला. आचार्य फोन हातात धरून म्हणाले, "आता परत करू, की तिचा राग शांत झाल्यावर?"  त्यांनी परत केला नाही.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी बहिणीचा मला फोन यायचा. माझी तब्येत, वहिनीची तब्येत, दुकान, आणि मग सहज विचारल्यासारखं, "विचारला का त्याने पत्ता?"

"नाही."

"बरं," म्हणायची.

आचार्य दुकानातून येत, जेवत, खोलीत जात. दोन आठवडे भिंतीपलीकडून आवाजच आला नाही. मग एक दिवस गेम सुरू होतानाची घंटा ऐकू आली. मणी काठीत अडकलेला, त्यामुळे आता दुसरं शस्त्र घेण्यात अर्थच उरला नव्हता. तुलना संपली होती. झक मारत काठीच घ्यावी लागणार. आणि लोकांनो, त्या काठीने आचार्य जे सुटले! राजाच्या वाटेवरच्या ज्या पुलावर पहिल्या खेपेला ते वर्षभर भाला की गदा करत उभे होते तो पूल दोन दिवसांत पार. त्यांचे ऐकणारे आधी हसले, मग वेडे झाले. मी भिंतीपलीकडे बटणं टाचत बसायचो आणि कानांवर नियंत्रण ठेवायचा प्रयत्न करायचो.

एका रविवारी दुपारी ते मेलेल्या राजाच्या दारात पोचले. खोलीचं दार उघडं होतं म्हणून मी आत जाऊन उभा राहिलो. या वेळी ते थांबले नाहीत, सरळ आत गेले. राजा केवढा तरी मोठा, मुकुटात आळ्या वळवळताहेत. काठी त्याच्या गुडघ्याएवढी. आचार्य लोळत होते, उठत होते, मारत होते. मी केव्हा त्यांच्या पलंगावर बसलो आणि केव्हा "डावीकडून, डावीकडून!" म्हणून ओरडायला लागलो, मला कळलं नाही. लाज वाटली पाहिजे होती, वाटली नाही. राजा पडला. पडदा पांढरा झाला.

आचार्यांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं. या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं, अगदी हँगरांकडे बघतानाही नव्हतं.

"दादा, हे तिला सांगायला हवं."

"सांगा की."

"फोन करू, की जाऊन सांगू?"

"जाऊन सांगा," मी म्हटलं. "आत्ता. उठा." पत्ता माझ्या ओठांवर आला होता. फक्त 'कुठे' एवढं विचारायचा अवकाश, मी त्यांना हाताला धरून नेऊन सोडलं असतं.

ते खरंच उठले. तोंड धुतलं, केस विंचरले. मी बाहेर जाऊन चपला घालून तयार राहिलो. वाट बघितली. चपला काढल्या. आत डोकावलो तर आचार्य कपाटासमोर उभे, एका हातात निळा शर्ट आणि दुसऱ्या हातात राखाडी. दोन्ही मीच बेतलेले. एकाच मापाचे.

"निळा तिला आवडतो," ते म्हणाले. "पण राखाडी जरा गंभीर दिसतो. अशा प्रसंगी कुठला बरा?"

मी खाली दुकानात येऊन बसलो. संध्याकाळ झाली तरी जिन्यावर पाऊल वाजलं नाही. मग फोन वाजला. तब्येत, वहिनी, दुकान.

"विचारला का?"

"नाही."

"काय करतोय?"

"शर्ट निवडतोय," मी म्हटलं. "निळा की राखाडी."

 

"निळा," ती म्हणाली. आणि लगेच, "नको दादा. सांगू नकोस त्याला."