चिकलठाण्याच्या कोटिंग लॅबमधली माणसं

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक गोष्टीची नोंद होते. थर किती मायक्रॉनचा, भट्टी किती डिग्रीवर, पावडरचा कण केवढा. पण डबा खाताना आम्ही एकमेकांना जे सांगतो, ते कुठल्याच रजिस्टरमध्ये जात नाही. नुसतं साठत गेलंय. चिकलठाण्यात लोखंडावर द्यायच्या रंगांची, म्हणजे कोटिंगची, ही लॅब. प्रमुख काळे सर, स्प्रे मारणारे रशीदभाई, टेस्टिंगला सुनंदा आणि रेझिन, म्हणजे रंगाचा चिकट पाया, बनवणारा मी.

*

एकदा पॅनलवर, म्हणजे रंगवलेल्या नमुन्याच्या पत्र्यांवर, खड्डे पडायला लागले. बारीक, गोल. मी रेझिन तीनदा नव्यानं बनवलं, तरी तेच! कस्टमर चिडलेला.

चौथ्या दिवशी सुनंदानं सगळे पत्रे टेबलावर ओळीनं मांडले. प्रत्येकाच्या डाव्या कडेला चार खड्डे, एका रांगेत. तिनं सहज त्यांच्यावर आपली चार बोटं टेकवली. बरोब्बर बसली.

रशीदभाईंनी आपले हात मागं घेतले. थिनरनं त्यांचे तळवे फाटले होते. लेकीनं क्रीम आणून दिलं होतं, त्यात सिलिकॉन. त्याचा नुसता डाग पडला तरी रंग तिथून पळतो. "सर, मेरे हाथां का खोट है. मेरेकूच निकालो," ते म्हणाले.

सरांनी त्यांच्यासमोरच कस्टमरला फोन लावला. "कारण सापडलं. हातमोजे नव्हते."

पलीकडून विचारलं असणार, चूक कोणाची.

"माझी," सर म्हणाले. "द्यायचे मी होते."

*

दवाखान्याच्या खाटांचं कोटिंग. मिठाच्या धुक्याच्या पेटीत पत्रे ठेवायचे आणि गंज किती तासांनी येतो ते बघायचं. तास मोजून द्यावे लागतात. मधेच पाच तास लाइट गेली, पेटी बंद. सुनंदानं तसं लिहून ठेवलं.

मार्केटिंगचे साहेब आले. "पाच तासांनी काय फरक पडतो? सलग दाखवा ना!"

सुनंदा म्हणाली, "साहेब, पेटीतल्या गंजाला पाच तास सुट्टी होती. खाटेवरच्या गंजाला कोण देणार?"

टेस्ट पाच तास वाढवली. त्या वाढीव पाच तासांतच एका पत्र्यावर पहिला लाल ठिपका उगवला. साहेब पेटीसमोर बराच वेळ उभे होते.

*

सुनंदाचे वडील करमाडकडं मेंढ्या राखतात. लेक नेमकं काय काम करते ते बघायला एकदा आले. तिनं त्यांना गच्चीवर नेलं. तिथं रंगवलेले पत्रे तिरपे लावून वर्षानुवर्षं उन्हात ठेवलेले असतात.

"हे काय वाळत घातलंय, पोरी?"

"वाळत नाय, बा. उन्हानं रंग कसा उतरतो ते बघायचं."

"म्हंजी बसून बघायचं? मग माझंच काम की हे!"

त्यांनी एका पत्र्यावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. "किती दिसाचं हाय हे?"

"दोन वर्षांचं."

त्यांनी बोट धोतराला पुसलं. "लई लवकर म्हातारं झालं गं."

नंतर आमच्याबरोबर चहा घेतला, पण सारखे वर गच्चीकडंच बघत होते.

*

शेडवर, म्हणजे रंगाच्या छटेवर, शेवटची सही काळे सरांची. त्यांच्या नजरेवर मशीनपेक्षा जास्त भरवसा. एकदा त्यांनी पांढरा पत्रा तीनदा परत पाठवला. "पिवळा मारतोय."

मशीन म्हणत होतं मॅच. आम्हालाही पांढराच दिसत होता. पण बोलणार कोण?

चौथ्यांदा त्यांनी रशीदभाईंना तो पत्रा दारातल्या उजेडात धरायला लावला. एक डोळा झाकून पाहिलं. मग दुसरा झाकून. पुन्हा पहिला. मग खुर्चीवर बसले.

"पत्रा बरोबर आहे," ते म्हणाले. "मोतीबिंदू असणार." आणि पेन सुनंदाच्या हातात दिलं. "आजपासून शेडची सही तुझी."

ऑपरेशन झालं, नजर परत आली. सही त्यांनी परत मागितली नाही.

*

पाचोडहून एक माणूस टेम्पोत लाकडी दार घालून आला. जुनं घर पाडलं होतं, तेवढं दार ठेवलं होतं. त्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा. लेकीची उंची मोजलेली. "पुसट व्हाय लागल्यात. कायतरी मारून द्या," म्हणाला.

आम्ही लोखंडवाले! पण सर नाही म्हणाले नाहीत. टाकाऊ फळ्यांवर पेन्सिलीनं रेघा ओढून आठवडाभर पारदर्शक कोटिंगचे प्रयोग केले. ब्रशनं रेघ फरफटायची. शेवटी रशीदभाईंनी अगदी पातळ थर देत देत स्प्रे मारला, तेव्हा फळीवरची रेघ जागची हलली नाही.

मग त्याला बोलावलं. स्प्रे मारायला दार उभं केलं. सुनंदानं सगळ्यात वरच्या रेघेच्या वर चिकट टेप लावून ठेवली होती.

"केवढी आहे मुलगी?" तिनं विचारलं.

"सात वर्षांची."

"मग टेपच्या वरचा भाग कोरा ठेवते. कोटिंगवर पेन्सिल उमटत नाही. पुढच्या रेघा ओढायला जागा राहील."

तो त्या टेपकडं बघत राहिला.

"टेप काढा, ताई," तो म्हणाला. "वरपर्यंत मारा. ती सातचीच राहनार हाय."