आबांना खोटा वाचून दाखवलेला बोर्ड

माझ्या डिग्रीनं माझ्या बापाचा डोंगर बंद केला.

वर्षभर हे कुणाला बोललो नाही. आज आबांना जाऊन वर्ष झालं. आता लपवून काय करू?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या डिग्रीच्या फोटोखाली 'अभिमान आहे भावा' लिहिलं होतं. तोच मी. पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम मॅनेजमेंट. परदेशी युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन मास्टर्स, धारूरच्या घाटातल्या आमच्या वस्तीवर बसून केलेलं.

लेक्चर पहाटे असायचं. तीच आबांची शेळ्या सोडायची वेळ.

एकदा माईक चालू राहिला आणि अख्ख्या क्लासला आमची शेळी ऐकू गेली. मॅडम हसल्या. मी इंग्रजीत म्हणालो, शेजाऱ्यांची आहे.

आबा मागंच उभे होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं म्हणून वाचलो.

त्यांना मात्र कोण कौतुक! पोरगं काय शिकतंय असं कुणी विचारलं की सांगायचे, "लोकांनी फिरायला कुठं जावं, त्याची शाळा हाय ती. लई मोठी."

मला म्हणायचे, "म्या जल्मभर फिरलो की रं. मला कुणी सर्टिफिकेट दिलं न्हाई!" आणि स्वतःच हसत सुटायचे.

शेवटचा प्रोजेक्ट होता, एक जागा निवडा आणि तिच्या पार्कचा आराखडा करा.

मी वस्तीमागचा गायरानाचा डोंगर घेतला.

आबांनी तीन दिवस मला सगळा डोंगर पायी दाखवला. उन्हाळ्यातही न आटणारा झरा. दुपारी शेळ्या जिच्याखाली बसतात ती चिंच. पाय घसरतो ती जागा. मी मोबाईलवर पॉइंट घेत मागं मागं. धाप मला लागली, त्यांना नाही.

मग फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'या जागेचा सध्याचा वापर'.

मी लिहिलं, काही नाही.

घाईत नाही हो. चांगला विचार करून लिहिलं. क्लासमधले लोक मोठमोठ्या पार्कांत नोकरी करणारे. त्यांच्यात काय लिहू, माझा बाप तिथं शेळ्या चारतो?

लाज वाटली मला. बापाची लाज वाटली.

ए ग्रेड मिळाला.

तो आराखडा मी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला दाखवला. साहेब खूश. त्यांनी वजन वापरलं, मंजुरी आली, तारेचं कुंपण आलं, गेट बसलं. आणि मॅनेजर कोण? मीच.

गेटवर बोर्ड लागला. मजकूर माझाच. शेवटची ओळ, 'शेळ्या, मेंढ्या व गुरांना आत सोडण्यास सक्त मनाई.'

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आबा बोर्डासमोर येऊन उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय रं?"

"सगळ्यांचं स्वागत आहे म्हणून लिहिलंय, आबा."

"मंग तारा कावून?"

"रानडुकरं येऊ नयेत म्हणून."

"बेस केलंस," म्हणाले.

उद्घाटन झालं. केजहून जीप भरभरून माणसं फोटो काढायला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे शेळ्या घेऊन गेटातून आत गेले. वॉचमन नवीन, त्याला काय माहीत हे कोण. चार पाहुण्यांदेखत त्यानं त्यांना बाहेर काढलं. बोर्डावर काठी आपटून ओरडला, "वाचता येत न्हाई का बे?"

मी ऑफिसच्या खिडकीतून सगळं बघत होतो.

बाहेर गेलो नाही.

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर लई बरं झालं असतं.

एवढंच म्हणाले, "तू वाचून दावलं, म्हणून आत गेलतो बाळा."

आठ दिवसांत त्यांनी सगळ्या शेळ्या म्हादूमामांना देऊन टाकल्या. म्हादूमामा म्हणजे शेजारच्या वस्तीवरचे, आबांचे लहानपणापासूनचे सोबती. मग आबा दिवसभर ओट्यावर. डोंगराकडं पाठ करून बसायचे. जेवण तुटलं, अंग वाळत गेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

मीही सगळ्यांना तेच सांगत होतो. एक दिवस आई म्हणाली, "वय न्हाई झालं त्यांचं. तू रिकामं बसवलंस त्यांना."

आज सकाळी म्हादूमामा वर्षश्राद्धाला आले. शेळ्या सोबतच होत्या, मागं ठेवणार कुणापाशी? पानं उठल्यावर मी मामांना गेटापाशी घेऊन गेलो. त्यांनाही वाचता येत नाही.

"मामा, या बोर्डावर काय लिहिलंय, ठाऊक आहे का?"

"आरं, तुज्या बापानंच सांगितलंय की. सगळ्यांचं स्वागत हाय. पोरानं चांगलंच लिवलंय म्हणला, त्यो वॉचमनच येडा हाय."

आबांना सगळं कळलं होतं. आणि कळल्यावरही ते माझं खोटं लोकांना खरं म्हणून सांगत राहिले, माझी इज्जत जाऊ नये म्हणून.

मी बोट ठेवून मामांना शेवटची ओळ वाचून दाखवली. आहे तशी.

मामांनी त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्याला ठावं हुतं?"

"हो मामा."

श्राद्धासाठी आज पार्क बंद ठेवला होता. मी गेटाचं कुलूप काढलं. "आणा शेळ्या आत."

"आन् तुजी नोकरी?"

"बघू."

आबांच्या शेळ्या. सरळ झऱ्याकडं गेल्या.

साहेबांचा फोन दोनदा येऊन गेलाय. अजून उचललेला नाही.

आबा, तो बोर्ड आज खरा वाचला. तुम्हाला वाचून दाखवायचा होता.

चुकलो आबा. तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.