फुगेवाल्याची बातमी

पेपरच्या ऑफिसात रद्दी आणि किस्से, दोन्ही साठतात. रद्दी निदान विकता तरी येते! मी नंदुरबारला एका छोट्या पेपरात पानं लावते, त्यामुळे माझ्याकडे भरपूर माल आहे. पण फुगेवाल्याच्या बातमीचे किस्से सांगायला लागले की मला तोंड लपवावंसं वाटतं. तरी ऐका.

विसरवाडीकडच्या एका गावात केसांवर फुगे देणारा आला होता. बायका विंचरून निघालेले केस साठवून ठेवतात. ते घ्यायचे आणि पोरांना फुगा द्यायचा, हा त्याचा धंदा. नेमकी तेव्हाच मोबाईलवर मुलं पळवणारी टोळी फिरत होती. फुगेवाल्याभोवती पोरं दिसली, कोणीतरी ओरडलं, गाव धावून आलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच माणूस गेला. गावातलं एकही मूल हरवलेलं नव्हतं.

*

आमच्या संपादकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी मथळा दिला, ‘ठार झालेला इसम मुले चोरणारा?’

मी म्हटलं, “भाऊसाहेब, चोर होता का तो?”

“कुणाला माहीत!”

“मग चोर कसं छापायचं?”

“अगं, म्हणून तर प्रश्नचिन्ह टाकलंय! आपण कुठं म्हणतोय? आपण विचारतोय!”

प्रश्नचिन्ह म्हणजे भाऊसाहेबांचं हेल्मेट. ते घातलं की गाडी कुठेही घाला! मी मुकाट्याने पान लावलं.

*

विसरवाडीचा आमचा वार्ताहर दिलीप. त्याने मारहाणीच्या व्हिडिओतला फोटो काढून पाठवला. मारणाऱ्यांचे चेहरे ब्लर, आणि मार खाणाऱ्याचा चेहरा अगदी स्वच्छ! मी फोन लावला, “दिलीपभाऊ, उलटं झालंय!”

“उलटं नही ताई, बरोबर शे. त्या गावना लोके शेतस. रोज तोंड देखनं पडस.”

“आणि हा?”

“हाऊ आते कोठे भेटनार शे!”

*

मग दिलीप गावात चौकशीला गेला. ज्याला विचारावं तो म्हणे, “मी ते मांगे हुभा व्हतू.” दुकानदार मागे, दूधवाला मागे, ज्यांच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ होता तेही मागेच! दिलीपने भाऊसाहेबांना कळवलं, “साहेब, इतली गर्दी, पन पुढे कोनीच नव्हता!”

आम्ही छापलं, ‘अज्ञात जमाव’. गावात पाहुणा उतरला तर दुपारपर्यंत त्याचं नातंगोतं काढणारे लोक आपण. आणि अख्खं गाव अज्ञात!

*

फुगेवाल्याचं घर आमच्या नंदुरबारातच निघालं. बायको मंगलबाई दवाखान्याच्या गेटवर बसून होती. एका चॅनेलवाल्याने माईक पुढे केला, “ताई, बाईट द्या.”

तिला ‘वाईट’ ऐकू गेलं. ती म्हणाली, “वाईट ते व्हई गयं भाऊ. आखो काय वाईट देऊ?”

चॅनेलवाला कॅमेरावाल्याकडे वळला, “मिळालं?” तो म्हणाला, “हॉर्न आला ना मधे!” मग चॅनेलवाल्याने मंगलबाईला विनंती केली, “ताई, तसंच्या तसं परत एकदा म्हणा ना.”

आणि तिने खरंच परत म्हटलं! मी बाजूला उभी होते. लाज वाटली, पण माईक हिसकावून घ्यायची हिंमत काही झाली नाही.

*

त्याच आठवड्यात चौकात शोकसभा झाली. बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो इतके, की मरणाऱ्याला जागाच उरली नव्हती. मुख्य वक्ते गहिवरून म्हणाले, “आपले हे… हे दिवंगत बांधव…” आणि थांबले. नाव आठवेना! मागे वळून त्यांनी विचारलं. स्टेजवर कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “नावात काय आहे मित्रहो, आज आपण माणुसकीसाठी जमलोय!”

टाळ्या पडल्या. शोकसभेत!

*

पुढे मंगलबाई आमच्या ऑफिसात आली. सोबत पाचवीतली मुलगी, मनीषा. भाऊसाहेबांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मंगलबाई बसली नाही.

“शाळाम्हा इले चोरनी पोर म्हनतस,” ती म्हणाली. “आते ही शाळाम्हा जात नही. मन्हा मालक चोर नव्हता, इतलंच छापी द्या. ही तो पेपर शाळाना बाईले दाखाडी.”

भाऊसाहेब काही वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच गलबलून आलं. म्हणाले, “पहिल्या पानावर घे!” मी लगेच बसून मथळा टाईप केला, ‘तो फुगेवाला चोर नव्हता’. खाली त्याचं पूर्ण नाव घातलं. खूप दिवसांनी मला माझं काम आवडलं.

पान शेवटचं तपासायला भाऊसाहेबांकडे गेलं. त्यांनी तपासलं. पेपर छापून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी अंक न्यायला आल्या. मनीषाची वेणी घट्ट घातलेली, अंगात शाळेचा ड्रेस. मंगलबाईला वाचता येत नाही. भाऊसाहेबांनी स्वतःच्या हाताने अंक मनीषाला दिला आणि म्हणाले, “वाच बेटा, मोठ्याने वाच. आईला ऐकू दे.”

पोरीने शाळेत शिकवतात तसं, चिन्ह बघून, शेवटी आवाज वर नेत वाचलं, “तो फुगेवाला चोर नव्हता?”

मंगलबाईला वाटलं, पेपर तिलाच विचारतोय. तिने भाऊसाहेबांपुढे हात जोडले.

“नही ना साहेब,” ती म्हणाली, “नव्हता.”