बिनफुलाच्या बांधावरच्या मधमाश्या

तमाम वाचकांनी हातातला चहा खाली ठेवावा, चष्मे पुसून घ्यावेत आणि मांडीवरची पोरं उतरवावीत. अत्यंत गंभीर स्वरूपाचं निवेदन होणार आहे. निवेदन असं, की भुताखेतांवर ज्याचा कधी काडीचा विश्वास नव्हता, ज्यानं गावातली दोन भुतं भरदिवसा उघडी पाडली (एक वाळत घातलेलं धोतर निघालं, दुसरे आमचे शेजारी), त्या मी, सकाळच्या उन्हात, चारचौघींच्या देखत, रिकाम्या हवेशी घासाघीस केली.

हसा. मीही हसवूनच सांगणार आहे, दुसरं मला येत नाही. पण ही गोष्ट सांगताना माझे कान तापतात... आणि मी लाजणारा माणूस नाही, हे पंचक्रोशीत कुणालाही विचारा.

आमचं शेत फुलसावंगीच्या शिवारात, महागावकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून. विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकिगत. घर एकत्र. थोरला दादा, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, मी आणि माझी बायको. दादा मुळातच कमी बोलणारा. त्याच्या वाटचं वहिनी बोलायची आणि उरलेलं मी.

कपाशीच्या कडेला, बांधालगत, वहिनी चार ओळी स्वतःसाठी राखायची. त्यात कापूस नाही. तीळ, कारळ, अंबाडी, मधेमधे झेंडू. "माश्या आल्या तं शेत जित्तं वाटते," एवढंच तिचं कारण. आणि त्यावरून आमचा वर्षभर सामना चालायचा. शिमग्याआधी पळसावर पहिला सूर्यपक्षी कोणाला दिसतो, चैत्रात कडुनिंबाच्या मोहरावर इवली फुलोरी माशी कोण आधी पाहतो, श्रावणात तिळाच्या फुलात शिरणारा भुंगा, दसऱ्याच्या सुमारास पिवळ्याधमक कारळावर सातेरी मधमाश्यांची झुंबड. जो आधी पाहील तो जिंकला. मी अर्थातच खोटं बोलून जिंकायला पाहायचो.

"वहिनी, भुंगा आला काल."

"हो का? पंख कसे होते त्याचे?"

"काळे."

"उनात निळे दिसतात बाप्पा ते. भाऊजी, तुमी बयताडच. भुंगा नसंन तो, आरशात पायलं असंन तुमी."

बयताड म्हणजे मूर्ख. हा शब्द आमच्या घरात फक्त वहिनीचा. दादाच्या तोंडून असलं काही कधी निघालं नाही.

त्या वर्षी माघात वहिनी तापानं गेली.

मृगाच्या तोंडावर मी तिच्या ओळींवरून वखर फिरवला आणि तिथंही सरकी लावली. बांधापर्यंत कापूस. यात फार वाईट काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण मला प्रेक्षक दिसले की माझी जीभ ताब्यात राहत नाही. सरकी लावायला तांड्यावरच्या बाया आलेल्या. मी वखर थांबवला, आभाळाकडे पाहून हात जोडले आणि कीर्तनकाराचा सूर लावला — "वहिनी, तुमी आता सरगातल्या बागेत बसल्या. तिथं माश्याच माश्या. इथलं कारळ आता कायले पायजे तुमाले?"

बाया हसल्या. मग एकदम माना खाली घालून कामाला लागल्या. मागं दादा उभा होता, माझी न्याहारी घेऊन.

त्यानं फडकं बांधावर ठेवलं आणि तो गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. शेतात पाऊल नाही. आम्ही एकाच पंगतीला जेवायचो आणि तो भाकरी माझ्या बायकोकडे मागायचा, टोपली माझ्यासमोर असली तरी.

माफी मागायची नव्हती असं नाही. रोज ठरवायचो. पण त्याच्यासमोर गेलो की तोंडात विनोदच यायचा, आणि तो गिळून मी परत फिरायचो. शेवटी आश्विनात त्यानं माझ्या बायकोजवळ निरोप दिला, "त्याले सांग, सीतादही झालं का वाटणी करू. वावराचीही अन् घराचीही."

बायको म्हणाली, "जा ना, पाय धरा भासऱ्यांचे." भासरे म्हणजे थोरले दीर.

"काय म्हनू पाय धरून?"

"साऱ्या गावाले हसवता. घरात बोलाले दोन शब्द नाही सापडत तुमाले?"



सीतादही म्हणजे आमच्याकडे कापूस वेचणीचा मुहूर्त. घरची बाई कपाशीवर दहीभात शिंपडते, कापूस दह्यासारखा पांढरा फुटावा म्हणून. मग वेचणी सुरू. इतकी वर्षं ते वहिनीनं केलं, तिच्या त्या ओळींपाशी उभं राहून. यंदा वाडगं माझ्या बायकोच्या हातात होतं. दादा आला, पण लांब, गाडीजवळ थांबला. ऊन नुकतंच अंगाला लागत होतं. बाया ओटी बांधून तयार.

बायकोनं पहिला शितोडा उडवायला हात उचलला आणि तसाच थांबवला.

बांधालगत मधमाश्या होत्या. थोड्याथोडक्या नव्हेत. जिथं वहिनीच्या ओळी असायच्या तेवढ्याच पट्ट्यात, आखून दिल्यासारख्या. खालची कपाशी त्या भागात गुडघ्याएवढीच राहिलेली, तिच्यावर बोंडं होती, फूल एक नव्हतं. माश्या कपाशीवर बसतच नव्हत्या. त्या वर होत्या, कमरेच्या उंचीवर. बरोबर तेवढ्याच, जेवढं कारळ वाढायचं. हवेत एका जागी थांबायच्या, पाय रोवल्यासारखं करायच्या, गोल फिरायच्या, मग हातभर सरकून पुन्हा थांबायच्या. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर... फक्त फूल नव्हतं.

तांड्यावरची सोनीबाई, जी माझ्या प्रत्येक नकलेला सगळ्यात आधी हसायची, ती हळूच म्हणाली, "कायच्यावर बसून राह्यल्या व ह्या?"

एक माशी माझ्या बाहीवर टेकली. तिच्या मागच्या पायांना पिवळ्या परागाच्या गोळ्या होत्या, भरगच्च. बायकोनं वाडगं माझ्यापुढं धरलं. दह्यावर पिवळी पूड पडलेली होती.

आता स्पष्टीकरणं. ती मी नंतर सगळी धुंडाळली. आजूबाजूच्या शिवारात त्या साली कारळ कुणी पेरलं होतं का, हे बांधाबांधानं फिरून विचारलं. कुणीच नाही. शेतकी खात्यातल्या एका साहेबांना गाठलं. ते म्हणाले, माश्यांना जागा आठवत असेल. मी खूश झालो. मग तेच म्हणाले, पण काम करणारी माशी दोनेक महिन्यांवर जगत नाही. म्हणजे वहिनीचं कारळ पाहिलेली एकही माशी त्या सकाळी जिवंत नव्हती. आणि जागा आठवली तरी पराग कुठला? साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. सायन्स तिथंच संपलं. माझ्याकडे आजही उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी हट्ट करणार नाही.

पण त्या सकाळी हे काही सुचलं नव्हतं. बाया माझ्याकडे पाहत होत्या. असल्या वेळी बोलायचं ते मीच, असा गावाचा रिवाज. मी दादाकडे पाहिलं. तो गाडी सोडून पुढं आला होता, पार बांधापर्यंत. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो त्या पट्ट्याकडे पाहत होता.

माझे हात आपोआप जोडले गेले. मृगात जोडले होते तसेच, त्याच जागी, त्याच बायांसमोर. पण या खेपेला कुठलाच सूर लागेना. मला वाटलं होतं, अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीतरी थोर निघत असेल. माझ्या तोंडून निघालं ते हे — "वहिनी, चुकलं माझं. पुढच्या मृगात... दोन ओळी सोडतो."

दोन. मेलेल्या माणसाची माफी मागतानाही मी अर्ध्यावर तोडपाणी करत होतो. मला ते ऐकू आलं, साऱ्यांनाच आलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मान वर करायची हिंमत होईना.

आणि माझ्या खांद्यामागून, मृगापासून माझ्याशी न बोललेला आवाज आला —

"चार होत्या, बयताड."