नर्सेसच्या तब्येतीचा फॉर्म

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बनारसच्या एका इस्पितळात मी नर्स होते. एका दुपारी पीपीई किटमधून घामानं निथळत बाहेर आले, तर मेट्रननं हातात फॉर्म ठेवला. नर्सेसच्या मानसिक आरोग्याची चौकशी होती. झोप लागते का? जेवण जातं का? दोन्हींपुढे मी 'नाही' लिहिलं.

मेट्रननं कागद परत केला. "'नहीं' लिखोगी तो छुट्टी देनी पड़ेगी. फिर ड्यूटी कौन करेगा?"

डोकंच फिरलं माझं. दोघींची ड्यूटी एकटीनं ओढत होते, म्हणून तर झोप उडाली होती! मग विचारायचंच कशाला? पण वाद घालायचंही त्राण नव्हतं. नवा फॉर्म घेतला आणि दोन्हींपुढे 'हो' लिहून टाकलं.

संसर्ग घरी जायला नको म्हणून मी हॉस्टेलवर राहत होते. संध्याकाळी ब्रह्मा घाटावरच्या घरून आईचा फोन आला.

"जेवतेस ना गं? झोप लागते ना?"

"हो."

"खोटं बोलू नकोस. खरं सांग."

"फिर ड्यूटी कौन करेगा?" मी खेकसले.

घरच्यांशी मराठीतच बोलायचं, हा आईचा नियम. तो मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी तिनं मला टोकलंही नाही.